भयपटांची पहिली दहा मिनिटं: भीती नेमकी पेरतात कुठे?

रातकिडा

भयपटाचा पहिला प्रसंग म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. रात्र, एकटी मुलगी, खून, किंकाळी, काळा पडदा आणि त्यावर सिनेमाचं नाव. मला जरा वेगळं म्हणायचंय, पटतंय का बघा. पहिल्या प्रसंगाचं काम घाबरवणं हे नाहीच मुळी. त्या सिनेमापुरते नियम प्रेक्षकाच्या गळी उतरवणं, हे त्याचं काम. कुठे बघायचं, कशाला कान द्यायचा, कोणावर भरवसा ठेवायचा. एकदा हे अंगवळणी पडलं की पुढचे दोन तास प्रेक्षक आपला आपणच घाबरत बसतो, दिग्दर्शकाने अधूनमधून काडी टाकली तरी पुरे.

(स्पॉयलर भरपूर आहेत. पन्नास वर्षांपूर्वीच्या सिनेमाचा शेवट फुटला म्हणून भांडायला येऊ नये.)

‘जॉज’ (१९७५) घ्या. समुद्रकिनारी शेकोटी, गिटार, तरुण पोरंपोरी. त्यातली एक रात्रीची पोहायला पाण्यात शिरते. तिच्या मागे धावत आलेला पोरगा दारू चढून वाळूतच आडवा. मग कॅमेरा पाण्याखाली जातो आणि खालून तिचे पाय दिसतात. आपण आता शिकाऱ्याच्या जागी आहोत. जॉन विल्यम्सचे ते दोन सूर सुरू होतात आणि कोणी न सांगता आपल्याला कळतं की हे सूर म्हणजेच तो शार्क. ती एकदा झटकन खाली ओढली जाते, वर येते, आणि तेवढा क्षण तिच्या चेहऱ्यावर भीती नसते, नुसता गोंधळ असतो. अख्ख्या प्रसंगात मला हाच क्षण जास्त झोंबतो. त्यानंतर ती पाण्यावर इकडून तिकडे फरफटत जाते. (हे काम सुझन बॅकलिनी या स्टंट कलाकाराने केलंय. अंगाला पट्टे बांधलेले आणि किनाऱ्यावरून माणसं दोन बाजूंनी दोर खेचतायत.) शार्कचं शेपूटही दिसत नाही.

खरी गंमत पुढे आहे. मधे दोन कारटी शार्कच्या पाठीवर असतं तसं खोटं पातं पाण्यात फिरवतात आणि किनाऱ्यावर एकच पळापळ होते. तेव्हा ते सूर वाजत नाहीत! सिनेमाने आपल्याला फसवलेलं नाही. कान उघडे असतील तर कळायला हवं होतं. आणि मग पोलीसप्रमुख ब्रॉडी बोटीवरून आमिष पाण्यात फेकत असताना शार्क अचानक तोंड वर काढतो, तेव्हाही सूर नाहीत. इतका वेळ पाळलेला नियम तिथे मोडला, म्हणून आपण खुर्चीतून उडतो. सुरुवातीला तो घटवून घेतला नसता तर मोडून काय उपयोग होता?

जॉन कारपेंटरचा ‘हॅलोविन’ (१९७८) आणखी चलाख. १९६३ सालची रात्र, कॅमेरा म्हणजे कोणाचे तरी डोळे. घराला वळसा, खिडकीतून डोकावणं, मागच्या बाजूने स्वयंपाकघरात शिरणं, ड्रॉवर उघडून सुरी काढणं. (सुरी उचलणारा हात निर्माती-सहलेखिका डेब्रा हिलचा.) मग मुखवटा चढतो आणि आपल्यालाही दोन भोकांतूनच दिसायला लागतं. चारेक मिनिटांचं हे सगळं एका दमात घेतल्यासारखं वाटतं, कट लपवलेले आहेत. रस्त्यावर बाप मुखवटा ओढून काढतो तेव्हा कुठे कॅमेरा समोरून बघतो: विदूषकाच्या कपड्यातलं सहा वर्षांचं पोरगं, हातात सुरी. यातून आपण काय घेतो? कॅमेरा जरासा सरकला तरी कोणीतरी बघतंय. पुढे भर दुपारी नायिका लॉरी फुटपाथवरून नुसती चालत असते, कॅमेरा मागून चालतो आणि आपण आवंढा गिळतो. घडलेलं काहीच नसतं.

तुमच्या लक्षात राहिलेल्या सुरुवाती सांगा. पण ‘लय भारी, अंगावर काटा’ एवढ्यावर भागवू नका. नेमकं काय केलंय ते लिहा.

पेंगुळलेला

रात्रीचे पावणेबारा, बायको माहेरी, आणि मी हे वाचतोय. सकाळी उजाडल्यावर प्रतिसाद देतो.

बॅटरी_संपली

नियमवाल्या मुद्द्याला +१. ‘अ क्वाएट प्लेस’ (२०१८) तर उघडउघड तेच करतो. ओसाड दुकान, सगळं कुटुंब अनवाणी, बोलणं फक्त खुणांनी. धाकट्याच्या हातातलं खेळण्यातलं यान बाप काढून घेतो, बॅटऱ्या वेगळ्या करून ठेवतो. बहीण कीव येऊन यान परत देते. तो निघता निघता बॅटऱ्याही उचलतो. त्या क्षणापासून पुलापर्यंतची चाल बघवत नाही. आवाज केला की मेलात, हा नियम एकाही संवादात सांगितलेला नाही.

फेडर_खाली

पोटापाण्याला साउंड करतो, त्यामुळे माझं पाल्हाळ कानाबद्दलच असणार.

‘टेक्सास चेनसॉ मॅसकर’ (१९७४) हेडफोन लावून बघा, पहिली तीन-चार मिनिटंच. आधी कोरडं निवेदन, जणू वर्तमानपत्रातली बातमी. (हे सगळं खरं घडलंय असा आव आहे, पण नाही. विस्कॉन्सिनच्या एड गीनच्या प्रकरणातलं थोडंफार उचललंय, बाकी कथा रचलेली.) मग पडदा काळा. अंधारात खणल्याचा, उकरल्याचा आवाज. मग कॅमेऱ्याचा फ्लॅश पडतो आणि त्याबरोबर एक चिरकत जाणारा, दातांवर येणारा आवाज. उजेड क्षणभर, तेवढ्यात सडलेल्या हाताचा तुकडा. परत काळोख. डोळ्यांना जवळजवळ काहीच दिलेलं नाही, पण तिसऱ्या फ्लॅशला तुम्ही त्या आवाजाचीच वाट बघायला लागता. ‘आता येणार’ हे ठाऊक असणं दचकण्यापेक्षा वाईट.

असे फाटलेले आवाज का लागतात यावर थोडं काम झालंय. अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ डॅनियल ब्लूमस्टीन मार्मोटांवर संशोधन करायचे. डोंगरात बिळं करून राहणारी, खारीच्या कुळातली गुबगुबीत जनावरं. पिल्लू पकडलं की ते इतक्या जोरात ओरडतं की आवाज फाटतो. त्यांनी २०१० साली सिनेमांचे साउंडट्रॅक तपासले, तर भयपटांत तसे किंकाळीच्या जातीचे आवाज जास्त निघाले. घाबरलेल्या पिल्लाचा आवाज ऐकला की आपण सगळेच कान टवकारतो, त्याला इलाज नाही.

आता दुखणं. एका मराठी भयपटाच्या मिक्सिंगला बसलो होतो, नाव नाही सांगत. निर्मात्याचा हट्ट की पहिल्या शॉटपासून पार्श्वसंगीत भरा, नाहीतर लोक मोबाइल काढतील. भरलं. पहिल्या दचक्याची जागा आली तर वर जायला वावच नाही, सगळं आधीच टिपेला! दचकवायचं असेल तर आधीचे वीस सेकंद पंखा आणि रातकिडे (धागाकर्त्याने मनावर घेऊ नये) एवढंच ठेवायला छाती लागते.

आणि एक. दारिओ आर्जेन्तोचा ‘सस्पिरिया’ (१९७७). मुलगी विमानतळावरून बाहेर पडतेय. समोर आपोआप सरकणारं काचेचं दार. दार उघडलं की गॉब्लिन या बँडचं संगीत ऐकू येतं, मिटलं की तुटतं, आणि आत परत विमानतळाचा रोजचा आवाज. म्हणजे ते संगीत बाहेर पावसात उभं आहे, आणि ही बॅग घेऊन त्याच्याकडेच चाललीय. एवढ्याशा कटाकटीत केलेली ही करामत मला अजून कुठे इतकी नेमकी सापडली नाही.

मी_कशाला_घाबरू

सिद्धांत झकास आहे, पण सोयीचे सिनेमे निवडलेत. ‘द शायनिंग’ (१९८०) कोणता नियम शिकवतो? डोंगर, तळं, घाटरस्ता, पिवळी फोक्सवॅगन बीटल. पर्यटन खात्याची जाहिरात म्हणून खपेल. खून नाही, भूत नाही, कोणी घाबरलेलंही नाही. तरी पोटात कालवतं. म्हणजे नियमबियम काही नाही, संगीत वाजलं आणि आपण घाबरलो, एवढंच. मूड म्हणतात त्याला.

रातकिडा

@मी_कशाला_घाबरू, जाहिरातीत गाडी कधी एवढी लहान दाखवतात का? तो रस्ता मोंटानातला, ग्लेशियर नॅशनल पार्कमधला. हेलिकॉप्टरमधला कॅमेरा गाडीच्या मागे लागतो, जवळ येतो, मधेच तिला सोडून दरीवर निघून जातो, परत येतो. ‘हॅलोविन’मध्ये ते कोणाचे तरी डोळे होते. इथे ते कोणाचेच नाहीत, आणि आतल्या माणसाला त्याचा पत्ताही नाही. पुढे सगळं जिथे घडतं त्या हॉटेलच्या बोळांतून छोट्या डॅनीच्या तिचाकीमागे कॅमेरा फिरतो, तेव्हा तीच नजर खाली उतरून घरात आलेली असते.

संगीताचं म्हणाल तर वेंडी कार्लोस आणि रेचल एल्काइंड यांनी त्यात ‘डिएस इरे’ वापरलंय, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेत गायची मध्ययुगीन लॅटिन चाल. आणि ती फिकट निळी नावं बघा. सुरुवातीची श्रेयनामावली सहसा येते आणि विरते. इथे नावं खालून वर सरकत जातात, सिनेमा संपल्यावर सरकतात तशी. गाडी अजून हॉटेलात पोचलेली नाही आणि पडदा सांगतोय की आटोपलं. मूड म्हणा हवं तर, पण तो बांधलेला आहे.

(याच हवाई चित्रीकरणातले उरलेले तुकडे पुढे ‘ब्लेड रनर’च्या शेवटाला चिकटवले, तिथे ते सुखान्त वाटावेत म्हणून! म्हणजे संगीताबद्दल तुमचं अगदीच खोटं नाही.)

घाटमाथा

एवढा इंग्रजी पाऊस पडला, रामसेंची आठवण कोणाला येणार की नाही? ‘पुराना मंदिर’ (१९८४). नावं यायच्या आधीच पूर्ण पूर्वकथा: राजा हरिमान सिंह, सैतान सामरी, त्याला पकडून शिरच्छेद, आणि मरता मरता शाप की तुझ्या वंशातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. मुंडकं एकीकडे, धड दुसरीकडे. ही दोन एकत्र आली की सामरी उठणार. घ्या, झाला तुमचा नियम! शिवाय ‘जॉज’सारखं लपवाछपवी नाही, राक्षस पहिल्या रिळातच पुरता दाखवून मोकळे.

हसायचं ते हसा. पण आमच्याकडे हा भाड्याच्या व्हीसीआरवर लागला होता आणि शाप ऐकल्यावर आमची मोठी काकू पदर खोचून उठून गेली. तिच्या घरी सून सातव्या महिन्यात होती. सामरीचं तोंड बघून कोणी उठलं नव्हतं. रामसेंना आपला प्रेक्षक पक्का ठाऊक होता.

कोकणकन्या_एक्सप्रेस

घाटमाथा, काकू अगदी डोळ्यांसमोर आल्या.

‘तुंबाड’वर (२०१८) कसं कोणी आलं नाही अजून? सुरुवातीला बाप मुलाला गोष्ट सांगतो. समृद्धीची देवी, तिचा पहिला मुलगा हस्तर. त्याला सगळं सोनं हवं आणि धान्यही हवं. सोनं मिळालं, धान्यावर हात टाकताच बाकीचे देव तुटून पडले. आईने त्याला आपल्या गर्भात लपवून वाचवलं, अट एकच, त्याची पूजा कधीच व्हायची नाही. ऐकताना वाटतं, पुराणातली कथा आहे, वातावरणासाठी घातलीय. पण पुढच्या दीड तासाचा सगळा हिशोब त्यातच आहे. हस्तर सोन्यावर बसलेला आणि जन्माचा भुकेला, म्हणून कणकेची बाहुली दाखवून त्याची नाणी पळवता येतात. आणि शेवटी एकाऐवजी ढीगभर बाहुल्या नेल्यावर जे होतं, तेही त्याच हिशोबाने. लोभाचं पाढ्यासारखं गणित मांडलंय.

गोष्टीनंतर १९१८ चं तुंबाड. पाऊस थांबतच नाही. मी खेड तालुक्यातली (तुंबाड नावाचं गाव आमच्या तालुक्यात खरंच आहे), त्यामुळे सांगते, सिनेमातला पाऊस बहुतेक वेळा नळीचा दिसतो. इथे तो आषाढातला दिसतो, भिंतीतून पाझरणारा, कपडे चार दिवस न वाळवणारा. त्यांनी खऱ्या पावसाळ्यांसाठी थांबून शूटिंग केलं, वर्षानुवर्षं रखडलं, ते वाया गेलेलं नाही. आणि त्या घरातली आजी. साखळीने बांधलेली, बंद खोलीत, तिला वेळेवर खायला द्यायचं आणि झोपवायचं. बराच वेळ दिसत नाही ती. आईची देहबोली बघा. ती आजीला घाबरत नाही, रोजचं एक काम उरकते. म्हातारं माणूस सांभाळणाऱ्या घरांतून असा थकवा असतो. मला तो थकवाच भयाण वाटला.

राही अनिल बर्वेंनी मूळ प्रेरणा नारायण धारपांच्या कथेची सांगितलीय. धारप वाचलेल्यांना ही चाल ओळखीची वाटेल: आधी घर नीट दाखवायचं, रोजचे व्यवहार दाखवायचे, एकच गोष्ट किंचित वाकडी ठेवायची.

सासवडकर

‘तुंबाड’मधला सरकारांचा वाडा म्हणजे आमचा सासवडचा पुरंदरे वाडा हो! तेवढं कोकणात नेऊ नका.

कोकणकन्या_एक्सप्रेस

वाडा तुमचा, पाऊस आमचा. मिटवा.

शेवटची_रांग

‘स्क्रीम’ (१९९६) कोणी घेतला नाही म्हणून मी घेते. साधारण बारा-तेरा मिनिटांचा प्रसंग आहे आणि त्याचा जीव एका वाक्यात आहे. ड्र्यू बॅरीमोर घरी एकटी, गॅसवर पॉपकॉर्न, राँग नंबरवाल्याशी लाडिक गप्पा. तो नाव विचारतो. का हवंय, असं ती म्हणते. तर उत्तर येतं की मी कोणाकडे बघतोय ते मला कळायला हवं ना. बस्स. सगळ्या काचा, सगळे दिवे, अंगणातला काळोख, ज्यांच्याकडे इतका वेळ कोणी लक्ष दिलं नव्हतं ते एका वाक्यात धोक्याचे होतात. आणि गॅसवर ते पॉपकॉर्न फुगत राहतं, कोणी उतरवत नाही. घड्याळ दाखवायची गरजच नाही.

वर हिंमत बघा, पोस्टरवरचा सगळ्यात ओळखीचा चेहरा त्यांनी पहिल्याच प्रसंगात मारला. हिचकॉकने ‘सायको’त (१९६०) नायिका मारली तीही निम्म्या वाटेवर, आणि त्यासाठी फर्मान काढलं होतं की सिनेमा सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही. आपल्याकडे असलं फर्मान चाललं असतं? बॅटरीवाला अंधारात लोकांना जागेवर बसवतोय, मागून समोसे येतायत, आणि पडद्यावर निम्मा नियम शिकवून झालाय. मला तर वाटतं हिंदी भयपटांत पूर्वकथा मधेच परत एकदा सांगतात ती या लोकांसाठीच.

फोनवरचा आवाज रॉजर जॅक्सन यांचा. त्यांना सेटवर नटांच्या नजरेआड ठेवलं होतं आणि ते खरोखर फोनवरून बोलत होते. बॅरीमोरला समोर माणूस दिसलाच नाही.

मी_कशाला_घाबरू

‘स्क्रीम’ मान्य. पण त्याच्यानंतर हा साचा झाला. पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी अनोळखी माणूस मरतो, आपल्याला त्याचं नावही कळत नाही, आणि मग ‘सहा महिन्यांनंतर’ अशी पाटी. त्यात नियम नसतो, बयाणा असतो. खून होणार आहे याची हमी, तोवर तास-दीड तास कळ काढा.

जुनी_रेकॉर्ड

धागा वाचते आहे, मजा येतेय. भूत न दाखवता सुरुवात कशी करावी हे कमाल अमरोहींच्या ‘महल’मध्ये (१९४९) बघावं. वादळी रात्र, नवा मालक हवेलीत येतो, आणि म्हातारा माळी त्याला त्या वास्तूची कहाणी ऐकवतो. वाट बघणारी प्रेयसी, बुडालेला प्रियकर, परत येण्याचं वचन. मग मालकाला भिंतीवर प्रियकराची तसबीर दिसते आणि चेहरा थेट त्याचाच! कॅमेरा योसेफ विर्शिंग या जर्मन माणसाचा, त्यामुळे अंधार नुसता काळा नाही, त्याला थर आहेत.

मग ते ‘आएगा आनेवाला’ गाणं. लताबाईंनी स्वतः सांगितलेलं आहे की गाण्याच्या आधीच्या ओळी गाताना त्या माइकपासून लांब कोपऱ्यात उभ्या होत्या आणि गात गात माइककडे चालत आल्या. कोणीतरी दुरून येतंय हे ऐकवायला तेव्हा दुसरा उपाय नव्हता. फेडर_खाली, तुमच्या धंद्यातल्या लोकांनी यावर बोलावं.

आणि रातकिडा, तुमच्या नियमाला इथे एक पेच आहे. ज्या कहाणीवर आपण विसंबतो, तिचा फायदा घेऊन माळ्याचीच मुलगी भूत बनून वावरत असते. नियम शिकवणारा घरातलाच, आणि सोंग आणणारीही घरातलीच.

फेडर_खाली

@जुनी_रेकॉर्ड, आज तेच आम्ही रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) वाढवून आणि वरचे सूर कापून करतो, आणि तरी चालत आल्यासारखं वाटत नाही. माणूस चालतो तेव्हा श्वास बदलतो, खोलीचा आवाज हळूहळू मागे पडतो. ते नॉब फिरवून येत नाही.

पेंगुळलेला

उजाडलं. आता बोलतो. ‘रिंगू’ (१९९८), जपानी. दोन मुली घरात, बघितली की फोन येतो आणि सात दिवसांत माणूस मरतो अशा एका व्हिडिओ टेपची अफवा रंगवून सांगतायत, अर्धी चेष्टा. फोन वाजतो, दोघींची तंतरते. फोन घरच्यांचाच, मॅच लांबली म्हणून उशीर होणार. हुश्श. मैत्रीण आत गेलेली, हिने फोन ठेवला, आणि बाहेरच्या खोलीतला टीव्ही आपला आपण लागतो, त्यावर मॅचच चालू. काही भयंकर नाही, मॅच! ती बंद करते. पुढचं तुम्ही बघा. माझ्या मते भीती फोनमध्ये पेरलेली आहे, पण ती ‘हुश्श’नंतर उगवते. सुटलो असं वाटल्यावर माणूस सगळ्यात ढिला पडतो.

अवांतर: ‘रात्रीस खेळ चाले’च्या पहिल्या भागातही अण्णा सुरुवातीलाच जातात आणि मग कितीतरी दिवस घरात नुसता त्यांचा फोटो. आमच्या घरी त्या फोटोचा शॉट आला की आई टीव्हीचा आवाज कमी करायची. फोटोला आवाज नसतो हे तिला सांगून उपयोग नव्हता.

मी_कशाला_घाबरू

शेवटचा बाण. ‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७३). इराकमधलं उत्खनन. म्हातारा पाद्री, थरथरत्या हाताने गोळ्या घेतोय. लोहाराचे घण. टांगा अंगावर येता येता राहतो. भिंतीवरचं घड्याळ थांबतं. दोन कुत्री भांडतात. सैतानाच्या पुतळ्यासमोर तो उभा. मग एकदम अमेरिका, वेगळं घर, वेगळी माणसं, आणि हा बुवा गायब, परततो ते पार शेवटाकडे. सांगा आता, काय शिकवलं? मला तर इतक्या वेळा बघूनही त्या प्रसंगाचा अर्थ लागलेला नाही, आणि तो सिनेमातला माझा सगळ्यात आवडता भाग आहे.

रातकिडा

अर्थ मलाही विचारू नका. पण दोन गोष्टी नक्की मिळतात. एक, तो म्हातारा आणि तो पुतळा एकमेकांना ओळखतात. ही त्यांची पहिली भेट नाही, हे मॅक्स फॉन सिडोच्या उभं राहण्यातच आहे (तेव्हा तो जेमतेम चाळिशी ओलांडलेला, म्हातारपण सगळं मेकअपचं). दुसरं, घण, कुत्री, गर्दी, ऊन, सगळं कानठळ्या बसवणारं, आणि त्यात घड्याळाचं थांबणं म्हणजे पहिली शांतता. म्हणजे या सिनेमात आवाज बंद पडला की समजा. पुढे पछाडलेल्या मुलीच्या खोलीबाहेरचा जिना येतो तेव्हा आपण आधी कान लावतो, मग बघतो. आणि शेवटी तो बॅग घेऊन धुक्यात दिव्याखाली येऊन उभा राहतो, तेव्हा त्याची ओळख करून द्यायला एक ओळ लागत नाही. ती सुरुवातीलाच करून दिलेली असते.

मी_कशाला_घाबरू

बॅग आणि दिवा पटलं, घड्याळाचं ओढूनताणून आहे. पण जाऊ दे. सुरुवात फर्मास आणि पुढे फुसका बार, अशा भयपटांचा वेगळा धागा काढतो. माझी यादी तयार आहे, मराठी पाच तर आत्ताच आठवतात. फेडर_खाली, तुमचा तो नाव न सांगितलेला त्यात असणार, पैज लावा.

फेडर_खाली

पैज नको. चहा मी पाजतो.